झिरो सरकले, झिरो गायब झाले

रविवारी भाची आली ती तोंड पाडूनच. अकरावी सायन्स, सोमवारी युनिट टेस्ट. वही उघडून म्हणाली, मावशी, एफ ऑफ एक्स मायनस थ्री केलं, म्हणजे कंसात एक्सच्या जागी एक्स मायनस थ्री घातलं, की ग्राफ उजवीकडे जातो म्हणे, पण वजा आहे ना, मग डावीकडे का नाही? क्लासच्या सरांनी सांगितलंय की कंसातलं सगळं उलटं, कंसाबाहेरचं सुलटं, पाठ करून टाका. आता मीही आमच्या वेळी हेच पाठ केलेलं आणि मार्कही पडलेले, त्यामुळे सरांना नावं ठेवायला मला काही तोंड नव्हतं.

(मी मराठी मिडियमवाली, क्ष-य च लिहिणार, चालवून घ्या.)

य = क्ष² − ४क्ष + ३ घेतलं. क्ष ला ०, १, २, ३, ४ दिले की य येतो ३, ०, −१, ०, ३. ग्राफपेपरवर पॅराबोला काढला, १ आणि ३ वर क्ष-अक्षाला छेदतो. हेच त्याचे झिरो. इथेच पहिली भानगड, कारण झिरो म्हणायचं आणि उत्तर १ आणि ३! अगं, य शून्य होतो ती क्ष ची जागा म्हणजे झिरो, हे सांगायलाच पाच मिनिटं गेली.

मग किचनमधून केकच्या ट्रेला लावायचा बटर पेपर आणला, वर ठेवून पॅराबोला गिरवला आणि तिला म्हटलं सरकव तीन घरं उजवीकडे. झिरो आले ४ आणि ६ वर. आता नव्या सूत्रात क्ष = ४ घाल, कंसात काय पडतं? ४ वजा ३, म्हणजे १. म्हणजे जुन्या ग्राफला तो १ च दिसतो आणि तो शून्य देतो. ती मान हलवत होती पण चेहरा तोच. मग एसटी काढली. गाडी १० मिनिटं लेट आहे, वेळापत्रकात ९ ला फाट्यावर असते. आत्ता ९ वाजून १० मिनिटं झालीत, गाडी कुठे असेल? वेळापत्रकात ९ च्या पुढे बघायचं, म्हणजे १० वजा करूनच बघायचं ना. वजा तू केलंस, गाडी आली उशिरा, उशीर म्हणजे ग्राफवर उजवीकडे. तेव्हा कुठे "अच्छाऽऽ" आला.

खरी मजा उभं सरकवताना. बटर पेपर एक घर वर घेतला तर दोन्ही झिरो जवळ येत येत २ वर एकमेकांना चिकटले, ग्राफ अक्षाला नुसता टेकून परत वर. सूत्र झालं क्ष² − ४क्ष + ४, म्हणजे (क्ष − २)². अजून एक घर वर घेतला आणि झिरो गायब! विवेचक (क्ष² चा गुणक अ, क्ष चा ब, सुटी संख्या क, तर ब² − ४अक) काढला तर आधी ४, मग ०, मग −४. दहावीत आम्ही विवेचक काढून "मुळे वास्तव व भिन्न" असं छापील लिहायचो, ती मुळं अशी डोळ्यासमोर चिकटतात आणि नाहीशी होतात हे मला तेव्हा कोणी दाखवलं असतं तर फार बरं झालं असतं. बाकी अख्ख्या फंक्शनला २ ने गुणलं किंवा वजा चिन्ह लावून उलटं केलं तरी झिरो हलत नाहीत, शून्याला कशानेही गुणा, शून्यच.

मग वर्गसमीकरणाचं सूत्र, जे लोक झोपेत म्हणू शकतात. आमचा पॅराबोला २ घरं डावीकडे ओढला की मधली रेषा य-अक्षावर बसते आणि उरतं क्ष² − १. झिरो उघड दिसतात, +१ आणि −१. परत २ उजवीकडे नेले की ३ आणि १. बस्स, सूत्र एवढंच आहे. वजा ब भागिले २अ म्हणजे मधली रेषा कुठे, आणि वर्गमुळाचा भाग म्हणजे तिथून झिरो किती लांब. जुने गणिती श्रीधराचार्य यांची ४अ ने गुणून वर्ग पूर्ण करायची युक्ती भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात आपल्या ‘बीजगणित’ ग्रंथात दिलीय, तेव्हा ग्राफपेपर-बिपर काही नव्हतं, तरी काम तेच, मधली रेषा य-अक्षावर आणायचं.

घन बहुपदी तिनेच काढायला लावली. क्ष³ − ३क्ष, झिरो ०, आणि साधारण १.७३ व −१.७३. २ ने वर उचलला तर उजवीकडचे दोघं १ वर चिकटले आणि तिसरा गेला −२ वर. अजून उचललं की ते दोघं गायब, तिसरा मात्र काही केल्या जात नाही, कारण डावं टोक खाली पाताळात, उजवं वर आकाशात, मध्ये कुठेतरी अक्ष ओलांडावाच लागतो. ती म्हणाली, मावशी १ + १ − २ शून्य होतात, आधीच्या तिघांची बेरीजपण शून्य होती. हे मी बघितलंच नव्हतं! क्ष² चं पद नाही म्हणून तिघं जागेवर आहेत तोवर बेरीज शून्यच राहते.

परत पहिला पॅराबोला घेऊन कंसात क्ष च्या जागी २क्ष केलं की झिरो निम्मे होतात, ०.५ आणि १.५, ते काही बटर पेपरने दाखवता येईना, कागद आवळणार कसा. तिने वाढदिवसाचा उरलेला फुगा कापून, आडवा ताणून धरून त्यावर पेनाने पॅराबोला काढला आणि हळूहळू ढिला सोडला. पण आडवा आवळला की तो उभा वाढतो, म्हणजे दोन गोष्टी एकदम होतात आणि माझं गणित बिघडतं. झिरो तेवढे बरोबर येतात, तळ मात्र खाली जातो. का, ते सांगायला मी तिलाच बसवलंय.