बेडं

डोंबिवली सोडून मी गावी आलो ते २०१८ साली, आणि आल्या आल्या पहिलं काम केलं ते लोखंडी गेट बसवण्याचं. काळा रंग, वर भाल्यासारखी टोकं, आणि हाताच्या पंजाएवढं कुलूप. त्याआधी तिथे बेडं होतं. ज्यांनी बेडं पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: दोन बाजूंना दोन खांब, त्यांना समोरासमोर भोकं, आणि त्या भोकांतून आडवे सरकवलेले तीन वासे. यायचं असेल त्याने वासे सरकवावेत, आत यावं, परत सरकवून ठेवावेत. बिजागरी नाही, कडी नाही, तेलपाणी नाही. तीस वर्षं तिसऱ्या मजल्यावर सेफ्टी डोअरच्या आड काढलेल्या मला हे सगळं फार गबाळं वाटलं.

खालच्या वाडीतल्या काकी गेट बघायला आल्या. आमच्याकडे नवी वस्तू आली की बघायला येतात, मग ती सून असो की मिक्सर. काकींनी टोकं बोटाने चाचपली आणि म्हणाल्या, "गुरं येतात म्हणून बेडं घालतात रे. तुझ्याकडे माणसं यायला लागली की काय?"

हा टोमणा होता हे कळायला मला दोन वर्षं लागली.

३ जून २०२०. निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं, आणि आमची दापोली तालुक्यातली किनारपट्टी त्याच्या पदराखालीच होती. दुपारभर घराचा वासा न् वासा कण्हत होता. वारा उतरल्यावर दार उघडलं तर आगर ओळखू येईना. पोफळी मधूनच मोडलेल्या, दोन माड आडवे, आणि गेटच्या दोन्ही बाजूंचा गडगा, म्हणजे दगडांचं कुंपण, पार ढासळलेला. गेट मात्र जागच्या जागी उभं, कुलूपबंद. उजवीकडच्या खिंडारातून कुणाची तरी म्हैस आत येऊन केळीची पानं खात होती. डावीकडून माझा चुलतभाऊ कोयती घेऊन आला होता, वाट मोकळी करायला. आणि मी टॉर्च घेऊन घरभर किल्ली शोधत होतो.

"किल्ली कसली शोधतोस?" तो बाहेरून ओरडला, "ये की बाजूने!"

गेट भंगारात गेलं. पडलेल्या पोफळींतून तीन सरळ खोडं निवडली आणि बेडं पुन्हा उभं केलं.

तोवर माझे जगण्याचे नियमही त्या गेटसारखेच होते. दर एक जानेवारीला डायरीच्या पहिल्या पानावर बारा-पंधरा कलमं: पहाटे पाचला उठणे, रोज दहा पानं वाचणे, रागावणे नाही, साखर नाही. बाहेरच्या कुणाला काही अडवावं असा त्यांत एकही नव्हता. फेब्रुवारीत किल्ली हरवायची आणि स्वतःच्याच फाटकाबाहेर मी उभा. बेडं घातल्यावर वाटलं, आता नियमही वाशांइतकेच ठेवू. सरकवता येतील असे.

खालचा वासा आमच्याकडे कुणी काढतच नाही, ओलांडूनच येतात. तो माझा ओहोटीचा नियम. दिवसातली एक तरी गोष्ट समुद्राच्या वेळेने करायची, घड्याळाच्या नाही. भरतीचा हिशेब इथल्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ असतो: तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास, दुपारी आणि पहाटे. ओहोटी त्यानंतर सहाएक तासांनी. अष्टमीला भरती सहा वाजता. थोडं इकडेतिकडे होतं, पण कालवं काढायला जाणाऱ्या बायका याच हिशेबावर घराबाहेर पडतात आणि त्यांची कोयती कधी रिकामी फिरत नाही. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे माझं फिरणं आज सकाळी नऊला, तर आठवड्याने भर दुपारी. तेव्हा टोपी घालून जातो. पूर्वीच्या ऑफिसातल्या कुणाचा फोन आला, "उद्या दहाला जरा बोलूया," की मी म्हणतो, "दहाला ओहोटी आहे." पलीकडे जी शांतता पसरते तिची मला चटक लागली आहे. तसाही फोन विहिरीजवळच लागतो, त्यामुळे तो विहिरीच्या कठड्यावरच असतो. हा नियम मी केला असं सांगतो खरा, पण तो टॉवरने केलेला आहे.

मधला वासा आगोटीचा. मृगाच्या आधी आमच्याकडे सगळा संसार पावसासाठी आत घ्यायचा असतो. लाकडं, शेणी, अमसुलं, आठळ्या, फणसाची साटं. पडवीला झापं बांधायची, कौलं चाळायची. डोंबिवलीहून येताना मी दोन टेम्पो सामान आणलं होतं. पहिल्या आगोटीला लाकडं ठेवायला जागा नव्हती, कारण तिथे व्यायामाची सायकल होती. ओली लाकडं चुलीत घालून डोळे चोळताना ठरवलं की दोन दिवसांत आपल्या दोन हातांनी जे आत घेता येतं तेवढंच आपलं. सायकल शाळेतल्या मुलांना दिली. सोफासेट गेला. पुस्तकांच्या बाबतीत मी लबाडी करतो. ती माळ्यावर आहेत आणि माळा मी मोजत नाही.

वरचा वासा मात्र जड. सारखा निसटतो. तो म्हणजे हिशेब न ठेवण्याचा.

हापूसवाल्या घरात जन्मलेल्या माणसाकडे एक वही असते. कुणाला किती पेट्या पाठवल्या, कुणी पैसे दिले, कुणी "यंदा आंबा जरा आंबटच निघाला" असं म्हणून विषय संपवला, आणि कोण गणपतीत आपल्याकडे पाच दिवस राहून जाताना नारळ पिशवीत भरून घेऊन गेलं. माझ्याकडे वडिलांची वही होती, तिच्यात मी पुढे लिहीत होतो. मे महिना आला की झाडावरचे आंबे बघण्याआधी मी वही बघायचो. एका संध्याकाळी तिला न्हाणीघरातल्या पाणचुलीत घातली. पाणी फार काही तापलं नाही.

वही जाळणं सोपं होतं. फणसाचं तसं नव्हतं.

वादळानंतर पडलेला गडगा पुन्हा घालायचा ठरलं, आणि प्रश्न आला, कुठून? माझ्या आणि चुलतभावाच्या हद्दीवर एक कापा फणस आहे. मूळ इकडे की तिकडे यावर आमचं बिनसलं. ज्याने वादळात कोयती घेऊन वाट मोकळी केली, त्याच्याशी मी वर्षभर बोललो नाही. आमचा सातबारा वाचायचा तर चष्मा पुसून बसावं लागतं. एकोणीस नावं, त्यातली सात वरती गेलेली. मग जुने नकाशे, मोजणीचे कागद, आणि ते मिळवायला रत्नागिरीची वारी. दाव्याची भाषा सुरू झाली होती. फणसाला वर्षाला वीसेक फणस लागतात. त्या वर्षी बसच्या तिकिटांतच त्याहून जास्त पैसे गेले असतील. असतील कसले, गेले. मी तिकिटं जपून ठेवली होती.

अशाच एका फेरीत दुपारपर्यंत काम आटोपलं आणि परतीच्या एसटीला वेळ होता, म्हणून थिबा राजवाडा बघायला गेलो. ब्रह्मदेशाचा हा शेवटचा राजा. १८८५ साली इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं आणि १८८६ मध्ये त्याला रत्नागिरीला आणून ठेवलं. आज दिसतो तो राजवाडा १९१० साली पुरा झाला, आणि १९१६ मध्ये राजा इथेच गेला. तीस वर्षं. तनखा होता, नोकरचाकर होते, उंचावरची जागा, खाली खाडी, पुढे समुद्र. लाकडी कमानदार खिडक्या अजून सुंदर आहेत. आमच्याकडे माणसं असल्या खिडकीपायी कर्ज काढतात. पण त्याच्या बेड्याचे वासे बाहेरच्या बाजूने घातलेले होते.

दारावरच्या माणसाने माझी कागदांची पिशवी ठेवून घेतली होती. आत वस्तुसंग्रहालय आहे, पिशवी न्यायची नाही. खिडकीशी उभं राहून मी खाडीकडे बघत होतो आणि बऱ्याच महिन्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा होतो. मला कुणी इथे आणून ठेवलेलं नव्हतं. नव्वद टक्के आयुष्य मोकळं असलेला एक माणूस एका झाडाच्या मुळाशी स्वतःला दाव्याने बांधून घेऊन बसला होता. (आमच्याकडे गुरं बांधायच्या दोरालाही दावंच म्हणतात. भाषा शहाणी असते, आपल्याला वेळ लागतो.)

बाहेर पडून मी सरळ रस्त्याला लागलो. मागून हाक आली, "ओ, तुमची पिशवी!"

गावी येऊन चुलतभावाकडे गेलो. म्हटलं, "गडगा तू म्हणशील तिथून घाल."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "का? मनात काय आहे तुझ्या?"

"काही नाही."

"काहीतरी असेल."

मला वाटलं होतं, डोळ्यांत पाणीबिणी येईल, चहा होईल. चहा झाला, पण बिनसाखरेचा, आणि तो संशयाने माझ्याकडे बघत फुंकून फुंकून प्यायला. पुढचे तीन महिने त्याने गडगा घातला नाही. आजही घातलेला नाही. एक चिरा इकडेतिकडे हलला की माझा काय डाव आहे ते कळेल, अशी त्याला भीती असावी. त्यामुळे फणस आता उघड्यावर उभा आहे, दोन्ही आगरांच्या मधोमध. त्याला हवे तेव्हा तो काढतो, मला हवे तेव्हा मी. मोजायचं नाही असं मी ठरवलं आहे. गेल्या वर्षी त्याने अकरा नेले, मी सात.

गडगा नसल्याने व्हायचं ते झालंच. त्याची गाय त्या बाजूने रोज माझ्या आगरात येते आणि अबोलीची रोपं सपाट करून जाते. म्हणजे पुढे बेडं घातलेलं असतं आणि ज्यांच्यासाठी ते असतं ती मंडळी मागून फिरत असतात. माणसं मात्र अजून पुढूनच येतात. वासे सरकवण्याचा खर्र आवाज पडवीत ऐकू येतो. तीनदा आला की परका, दोनदा आला की गावातलं.

काल तिन्हीसांजेला दोनदा खर्र झालं, पण परत सरकवल्याचा आवाज एकदाच आला. बघतो तर काकी. एका हातात केळीच्या पानात बांधलेल्या पातोळ्या, दुसऱ्या हातात काठी.

"वरचा तेवढा तू लाव रे," त्या म्हणाल्या, "माझा हात मोकळा नाही."