आंदणात गेलेली राज्ये

सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याच्या इतिहासात एक लग्न आहे, आणि ते ठाऊक झाल्यापासून युरोपातील राजघराण्यांच्या सोयरिकी मी वेगळ्या नजरेने वाचू लागले. १५२४ च्या सुमारास विजापूरच्या इस्माईल आदिलशहाने आपली बहीण मरियम अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला दिली आणि तिच्याबरोबर सोलापूरचा किल्ला आंदण देण्याचे कबूल केले. लग्न झाले, किल्ला मात्र दिला गेला नाही. बुऱ्हाणशहा फौज घेऊन मेहुण्यावर चालून आला, आणि पुढची जवळपास चाळीस वर्षे या किल्ल्यासाठी दोन्ही दरबार लढत राहिले. अखेर विजयनगराविरुद्ध सगळ्यांना एकत्र यायचे होते, तेव्हा बुऱ्हाणचा मुलगा हुसेन याने आपली मुलगी चांदबिबी इस्माईलच्या नातवाला, अली आदिलशहाला, दिली; तिच्या आंदणात सोलापूर विजापूरकडे गेले, आणि अलीची बहीण हुसेनच्या मुलाला, मुर्तजाला, देण्यात आली. साटेलोटे झाले, आणि त्या जोरावर १५६५ मध्ये तालिकोटची लढाई जिंकली गेली.

युरोपच्या राजघराण्यांविषयी लिहिताना बहुतेक लेखक नात्यांच्या गुंत्यातच रमतात. कोण कोणाचा भाऊ, कोण कोणाची नात, हे सांगताना ते सोयरीक म्हणजे जिव्हाळा असे गृहीत धरतात आणि मग या नातलगांत युद्ध कसे झाले याचे आश्चर्य करतात. मला वाटते, पाहायची गोष्ट नाते नसून करार आहे. राजकन्येबरोबर काय जाणार, ती कोणता वारसाहक्क सोडणार आणि ठरलेले दिले नाही तर काय होणार, हे लिहून ठेवलेले असे, आणि पुढच्या शंभर वर्षांचा इतिहास त्या लिखाणातून निघे.

‘इतरांनी युद्धे करावीत, भाग्यवान ऑस्ट्रिये, तू लग्ने कर’ या अर्थाची एक लॅटिन ओळ ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग राजघराण्याविषयी प्रसिद्ध आहे. १४७७ मध्ये मॅक्सिमिलियनने बर्गंडीच्या मेरीशी लग्न केले आणि नेदरलँड्सचा संपन्न मुलूख घराण्यात आला. त्यांचा मुलगा फिलिप याला १४९६ मध्ये स्पेनची हुआना मिळाली आणि पुढच्याच वर्षी फिलिपची बहीण मार्गारेट हुआनाच्या भावाला दिली गेली. हेही साटेलोटेच होते, म्हणजे वारसा कोणत्याही बाजूने वळू शकत होता. हुआनाचा भाऊ लग्नानंतर काही महिन्यांतच वारला, नंतर तिची थोरली बहीण आणि त्या बहिणीचा तान्हा मुलगाही गेला, आणि म्हणून स्पेन हाब्सबुर्गांकडे आले. हीच मृत्यूंची रांग दुसऱ्या घरात लागली असती, तर चित्र उलटे दिसले असते. १५१५ मध्ये व्हिएन्नात अशीच दुहेरी सोयरीक हंगेरी-बोहेमियाच्या घराण्याशी झाली. १५२६ मध्ये हंगेरीचा तरुण राजा लायोश मोहाचच्या लढाईत तुर्कांशी लढताना निपुत्रिक मारला गेला आणि त्याचा हाब्सबुर्ग मेहुणा फर्डिनांड त्या राज्यांचा वारस म्हणून पुढे आला. ज्याला लोक हाब्सबुर्गांची चतुराई म्हणतात, तिच्यात चतुराईपेक्षा जास्त वाटा उरण्याचा होता.

माझ्या मते या साऱ्या इतिहासातले सर्वांत बोलके लग्न १६६० चे आहे. फ्रान्स आणि स्पेन यांच्यातले दीर्घ युद्ध १६५९ मध्ये पिरेनीजच्या तहाने थांबले, आणि तहाचा भाग म्हणून स्पेनचा हाब्सबुर्ग राजा चौथा फिलिप याची मुलगी मारिया तेरेसा फ्रान्सच्या चौदाव्या लुईला देण्याचे ठरले. लुईची आई फिलिपची बहीण होती आणि मारिया तेरेसाची आई लुईच्या वडिलांची बहीण, कारण आधीच्या पिढीत १६१५ साली या दोन घराण्यांनी मुलींची अदलाबदल केलेली होती. म्हणजे वधू एकाच वेळी वराची मामेबहीण आणि आतेबहीण होती. स्पेनमध्ये मुलीलाही गादी मिळू शकत असे, त्यामुळे फ्रान्सच्या घरात गेलेल्या मुलीने आपला वारसाहक्क सोडणे स्पेनला आवश्यक वाटत होते. फ्रान्सचे वाटाघाटी करणारे मंत्री सावध होते. हक्क सोडण्याची अट त्यांनी पाच लाख सुवर्ण एक्यूंच्या हुंड्याशी बांधून टाकली. खजिना रिता झालेल्या स्पेनला ती रक्कम देणे जमले नाही. हुंडा आला नाही म्हणून हक्कही सुटलेला नाही, असा दावा करायला लुई मोकळा झाला.

१६६५ मध्ये सासरा वारला आणि दोन वर्षांत लुईने स्पेनच्या ताब्यातल्या नेदरलँड्सवर चढाई केली. त्या भागात पहिल्या बायकोच्या मुलांना दुसरीच्या मुलांआधी वाटा देण्याचा खाजगी मालमत्तेचा रिवाज होता. मारिया तेरेसा पहिलीची मुलगी आणि गादीवर बसलेला दुसरा कार्लोस दुसरीचा मुलगा, म्हणून तो रिवाज थेट राज्याला लावण्यात आला. १६६८ च्या तहात लील आणि इतर काही शहरे फ्रान्सला मिळाली. सोलापूरची हकीकत वाचलेल्या माणसाला हे सारे फार ओळखीचे वाटते.

त्या दुसऱ्या कार्लोसविषयी मात्र मन कळवळल्याशिवाय लिहिता येत नाही. त्याची आई मारियाना ही ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्गांची मुलगी, आधी चौथ्या फिलिपच्या मुलाला वाग्दत्त होती. तो मुलगा १६४६ मध्ये वारला आणि १६४९ मध्ये तिचे लग्न त्याच्या बापाशी, म्हणजे तिच्या सख्ख्या मामाशी, लावण्यात आले. तेव्हा ती अवघी चौदा वर्षांची होती. स्पेनचा आधीचा राजा दुसरा फिलिप यानेही १५७० मध्ये आपल्या बहिणीच्या मुलीशीच लग्न केले होते. सोलापुरात तेलुगू आणि कन्नड बोलणारी घरे पुष्कळ आहेत आणि मामा-भाचीच्या लग्नाची रीत येथे कोणाला नवी नाही. मराठी घरांतूनही मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क मानत. एखादे असे लग्न वेगळे आणि पिढ्यानपिढ्या त्याच दोन घरांत फिरत राहणे वेगळे. संशोधकांनी वंशावळीवरून काढलेला कार्लोसचा अंतःप्रजनन गुणांक, म्हणजे आईबापांच्या रक्ताच्या नात्याचे मोजमाप, सुमारे ०.२५ भरतो, म्हणजे सख्ख्या भावंडांच्या अपत्याइतका. १५२७ ते १६६१ या काळात स्पेनच्या या राजघराण्यात जन्मलेल्या ३४ मुलांपैकी निम्मी दहा वर्षांची होण्याआधीच दगावली. कार्लोस उशिरा बोलला, उशिरा चालला, दोन लग्नांनंतरही निपुत्रिक राहिला आणि १७०० मध्ये वारला. मृत्युपत्रात त्याने राज्य आपल्या सावत्र बहिणीच्या नातवाला, म्हणजे मारिया तेरेसा आणि लुई यांच्या नातवाला, दिले. त्यावरून १७०१ ते १७१४ युरोपभर युद्ध चालले, जिब्राल्टर इंग्रजांकडे गेले आणि स्पेनच्या गादीवर लुईचे बूर्बाँ घराणे आले. आजचा राजा सहावा फेलिपे त्याच घराण्यातला आहे.

हे वर्तुळ इतके लहान का राहिले, याचे उत्तर दर्जा आणि धर्म या दोन गोष्टींत आहे. बरोबरीच्या घराण्याबाहेर लग्न केल्यास मुले वारसाला मुकत. ऑस्ट्रियाच्या फ्रान्झ फर्डिनांडने १९०० मध्ये सोफी खोटेकशी लग्न केले तेव्हा होणाऱ्या मुलांचा हक्क त्याला शपथेवर सोडावा लागला. धर्मसुधारणेनंतर कॅथलिक आणि प्रोटेस्टंट असे दोन बाजार झाले. इंग्लंडच्या १७०१ च्या कायद्याने कॅथलिक व्यक्तीशी लग्न करणाऱ्याला गादी बंद केली. प्रोटेस्टंट राजांना मग वधू-वर पुरवले ते जर्मनीतल्या छोट्या संस्थानांनी. १८४० मध्ये राणी व्हिक्टोरियाने कोबुर्गच्या आल्बर्टशी लग्न केले, तो तिचा मामेभाऊ होता.

व्हिक्टोरियाची नऊ मुले आणि डेन्मार्कच्या नवव्या ख्रिश्चनची सहा मुले यांनी एकोणिसाव्या शतकात जवळजवळ सारा युरोप एकमेकांना जोडला. पण या लग्नांत आंदण म्हणून मुलूख देण्याघेण्याचे दिवस संपले होते. निर्णय मंत्रिमंडळे आणि संसदा घेत होत्या, त्यामुळे नात्याला राज्यकारभारात धरायला हातच उरला नव्हता. ख्रिश्चनची मुलगी अलेक्झांड्रा १८६३ मध्ये इंग्लंडची थोरली सून झाली आणि पुढच्याच वर्षी प्रशिया व ऑस्ट्रियाने तिच्या बापाच्या हातून श्लेस्विग आणि होल्स्टाइन काढून घेतले, तेव्हा प्रशियाचा युवराज तिच्या नवऱ्याच्या बहिणीचा नवरा होता. इंग्लंडने काही केले नाही.

१९१४ मध्ये तेच मोठ्या प्रमाणावर घडले. जर्मनीचा कैसर विल्हेल्म हा इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जचा आतेभाऊ, रशियाचा झार निकोलस जॉर्जचा मावसभाऊ, आणि झारची पत्नी अलेक्झांड्रा विल्हेल्मची मावसबहीण होती. मे १९१३ मध्ये विल्हेल्मच्या मुलीच्या लग्नाला तिघेही बर्लिनला जमले होते. जुलै १९१४ च्या अखेरीस विल्हेल्म आणि निकोलस एकमेकांना ‘विली’ आणि ‘निकी’ अशा सह्यांनी इंग्रजीतून तारा पाठवत होते, आणि १ ऑगस्टला जर्मनीने रशियाविरुद्ध युद्ध पुकारले. १९१७ मध्ये पदच्युत झारच्या कुटुंबाला आश्रय देण्याची तयारी ब्रिटिश सरकारने दाखवली होती. ती मागे घ्यावी असा आग्रह राजवाड्यातूनच झाला. त्याच वर्षी जॉर्जने घराण्याचे जर्मन नाव टाकून विंडसर हे नाव घेतले. जुलै १९१८ मध्ये येकातेरिनबुर्गला झार, त्याची पत्नी आणि पाचही मुले मारली गेली. त्यांच्या अस्थींची ओळख १९९३ मध्ये पटवली, तेव्हा अलेक्झांड्राच्या बहिणीच्या नातवाचे, म्हणजे राणी दुसऱ्या एलिझाबेथचे पती प्रिन्स फिलिप यांचे, रक्त तपासणीला उपयोगी पडले. त्या मुलांसाठी हे नाते इतक्या उशिरा कामाला आले, हे मला आजही सहन होत नाही.

आज नॉर्वे, स्पेन आणि डेन्मार्कच्या राजांच्या पत्नी सामान्य घरांतून आलेल्या आहेत. अट मात्र पूर्ण सुटलेली नाही. नेदरलँड्समध्ये वारसाहक्क राखायचा असेल तर लग्नाला संसदेची संमती लागते, आणि ती न घेता २००४ मध्ये लग्न केलेल्या राजपुत्र फ्रिसोचा हक्क गेला. इंग्लंडमध्ये कॅथलिक जोडीदाराची बंदी २०१३ च्या कायद्याने उठली. तरी गादीच्या रांगेतल्या पहिल्या सहा जणांना लग्नासाठी राजाची परवानगी अजूनही घ्यावी लागते.