हळू चालायचं बटण

परवा दुपारी ओटा आवरून खेळायला बसले. स्कायरिम या पीसीवरच्या गेममधली माझी बाई, म्हणजे मी चालवते ते पात्र, व्हाइटरन नावाच्या गावच्या बाजारात उभी होती. कंट्रोलर मांडीवर ठेवून मी बडीशेपेच्या डबीकडे हात लांबवला आणि बघते तर बाई आपली आपण डावीकडे निघाली. सावकाश, रमतगमत. भाजीवालीचं दुकान ओलांडून ती भिंतीपाशी पोचली आणि तिथेही थांबायचं नाव नाही, भिंतीला नाक लावून चालतेच आहे. मी बोटही लावलं नव्हतं.

तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाला कंट्रोलर दाखवला. तो इंजिनिअरिंगला आहे, आणि बिल्डिंगमधल्या निम्म्या वस्तू उघडून परत बंद केल्याचा त्याला अनुभव आहे. "काकू, ड्रिफ्ट आलाय," तो म्हणाला. अंगठ्याखालच्या दांडीच्या बुडाशी पोटेन्शिओमीटर, म्हणजे दांडी किती कलली ते मोजणारे भाग असतात, त्यांच्या आत एक पत्ती कार्बनच्या पट्टीवर घासत राहते, घासून घासून पट्टी झिजते, आणि मग दांडी मधोमध असली तरी यंत्राला वाटतं कोणीतरी ढकलतंय. हल्ली लोहचुंबकवाले हॉल इफेक्टचे येतात, त्यात काही घासतच नाही. तोवर सेटिंगमध्ये डेडझोन वाढवून ठेवा, म्हणजे बारीकसारीक हालचालीकडे यंत्र लक्ष देणार नाही. एवढं सगळं नीट सांगून झाल्यावर मनात होतं ते बोललाच. "पण काकू, पीसीवर कंट्रोलर कशाला? माउस-कीबोर्ड आहे ना!"

मुद्दा त्याचा नेम धरण्याचा. बाण मारायचा तर माउसच, याबद्दल दुमत नाही. अंगठ्याने नेम धरताना गेम गुपचूप मदत करतो, स्कायरिममध्येही करतो, आणि ही मदत त्याला अपमान वाटते. मग त्याने मला फेरारीची गोष्ट सांगितली. १९९७ साली अमेरिकेत क्वेक नावाच्या नेमबाजीच्या गेमची स्पर्धा झाली, ती डेनिस फाँग नावाच्या पोराने जिंकली. थ्रेश म्हणायचे त्याला. क्वेक करणाऱ्यांपैकी जॉन कारमॅकने स्वतःची लाल फेरारी बक्षीस म्हणून दिली. या थ्रेशच्या डाव्या हाताची बोटं चालण्यासाठी कीबोर्डच्या डब्ल्यू-ए-एस-डी या चार बटणांवर असत; लोक त्याचं बघून बघून शिकले, आणि आज जगभरातल्या पोरांची बोटं तिथेच बसलेली आहेत. "फेरारी, काकू!" मला आदर वाटला. पण माझ्या बाईला फेरारी काय कामाची, ती पायी हिंडणारी.

तरी चार दिवस माउस-कीबोर्डवर काढले. अडचण एकच, पण ती जाईना. डब्ल्यू दाबला की बाई धावते, सोडला की थांबते. ट्यूबलाइटच्या बटणाला काय, चालू नाहीतर बंद. दांडी म्हणजे पंख्याचा रेग्युलेटर. जरा ढकलली की रमतगमत, आणखी ढकलली की भरभर, पूर्ण ढकलली की धूम. कॅप्स लॉक दाबला तर स्कायरिममध्ये चालता येतं, हे मलाही ठाऊक आहे. पण ती एकच चाल, मोजूनमापून दिलेली. दुकानासमोर रेंगाळायचं, कुणी पुढून आलं तर किंचित मंद व्हायचं, पूल चढताना दम लागल्यासारखं करायचं, हे कॅप्स लॉकला कुठून जमणार.

आणि गावात मी तिला धावू देत नाही. आहे हा माझा विक्षिप्तपणा. माणसं बिचारी कोबी मांडून बसलेली, लोहार ठोकतोय, पोरं खेळतायत, आणि आपण पाठीला तलवार लटकवून त्यांच्यामधून सुसाट? लोक काय म्हणतील! वेशीबाहेर गेलं की खुशाल धाव. कुणाच्या घरात शिरायचं तर आधी तलवार म्यान करायची. "अगं, ती खरी माणसं नाहीत," असं नवरा सांगतो. मग काय झालं? स्कायरिममध्ये सुरुवातीला तीनशे वजन उचलता येतं, त्याच्यावर गेलं की धावता येत नाही, नुसतं चालावं लागतं. या नियमाला लोक बोटं मोडतात. मी गावभर चीज आणि चिलखतं गोळा करत फिरत होते, मला वेशीबाहेर पडेपर्यंत कळलंच नाही वजन वाढलंय ते.

ठाण्याच्या घोडबंदर रोडला राहणाऱ्या माणसाला निवांत चालायला मिळतं कुठे, असंही असेल. असो.

माउसचं आणखी एक खटकतं, ते नजरेचं. डब्ल्यू म्हणजे पाय आणि माउस म्हणजे मान. मनगट जरा हललं की मान गर्रकन पाठीमागे. जिवंत बाई अशी वळत नाही. दांडीने मान हळूहळू फिरते, डोंगर एकामागून एक समोर येतात, मध्येच नदी चमकते. नेमबाजाला हा उशीर नको असतो. मला तोच हवा असतो.

दांडी हा शब्द मात्र तिसऱ्या मजल्याचा नाही, तो दादाचा. खारकर आळीत राहायचो तेव्हा आई संध्याकाळी आम्हा दोघांना जांभळी नाक्यावर भाजीला पाठवायची. भाव करून रुपया वाचवायचं काम दादाचं, कोथिंबीर वर मागून घ्यायचं माझं. वाचलेल्या रुपयाची जागा ठरलेली, व्हिडिओ गेमचं पार्लर. दारावर मळका पडदा, आत अंधार, मालकाने लावलेली उदबत्ती आणि तिला न जुमानणारा मुलांच्या घामाचा वास. कोपऱ्यातल्या मशीनवर कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स हा मारामारीचा गेम. कॅपकॉम कंपनीचा, १९९३ चा, हे आता कळतंय. तेव्हा ते नाव कुणाच्या तोंडी नव्हतं. सगळे त्याला 'मुस्तफा' म्हणायचे, त्यातल्या एका गड्यावरून. मला त्यातलीच हॅना हवी असायची. "ती लवकर मरते," म्हणून दादा दरवेळी मुस्तफाच घ्यायचा.

रुपया एक आणि आम्ही दोघं. "तू दांडी धर, मी बटणं मारतो." दांडीवर लाल गोळा होता, हजार हातांनी झिजून गुळगुळीत झालेला, जरासा चिकट. माझा हात पुरायचा नाही म्हणून मालकाने सोड्याच्या बाटल्यांचा रिकामा क्रेट पायाने सरकवून दिला होता, "ए ताई, याच्यावर चढ." सगळ्या पार्लरमध्ये मी एकटीच मुलगी, पण क्रेटवर चढले की माझं डोकं पोरांच्या बरोबरीला यायचं आणि मग कुणी बघायचं नाही. तळवा वर करून, दांडी दोन बोटांच्या बेचक्यात धरून मी मुस्तफाला चालवायची, आणि उजवीकडे दादा बटणं बडवायचा. एक मारायचं, एक उडीचं. दोन्ही एकदम दाबली की आजूबाजूचे सगळे गुंड आडवे, पण त्यात आपलीही लाइफ थोडी खर्च व्हायची. दादा तेच सारखं करायचा. मी ओरडायची, "आपलीच लाइफ जातेय!" तो म्हणायचा, "तू चालव, बघू नकोस."

मेलो की भांडण. "तू वळलीच नाहीस." "तू मारलंच नाहीस." पिशवीतली मेथी हिंदकळत, आळीच्या तोंडापर्यंत हेच. घरात शिरताना गप्प, कारण रुपयाचा हिशोब आईला द्यायचा असायचा. तो खटला अजून निकाली निघालेला नाही. दादा ऐरोलीला असतो, आता बँकेत मॅनेजर, मागच्या राखीला विषय निघाला तर ताटावरून म्हणाला, "तू वळलीच नाहीस."

तर मुद्दा माउसचा. त्याच्यावर अन्याय नको. २०२३ साली आलेला बाल्डर्स गेट ३ हा गेम मी माउसवरच खेळते. तिथे कंट्रोलर हातात घेतला की पडद्याचा नूरच पालटतो, खालची चौकोनांची पट्टी जाऊन गोल चकत्या येतात आणि आपण आपल्या माणसाच्या पाठीमागून चालू लागतो. छान दिसतं. पण लढाई आळीपाळीने, वीस बाजूंच्या फाशावर. कुणाला कुठे उभं करायचं, आग कुठे लागेल, कोण कड्यावरून खाली ढकलला जाईल हे वरून बघितल्याशिवाय कळत नाही. शिवाय गेममधल्या सामानाची पिशवी. पिशवी आवरायची तर माउसच. स्कायरिमची पिशवी दांडीवाल्यांसाठी केलेली, नुसती लांबच लांब यादी, म्हणून पीसीवाल्यांनी स्कायूआय नावाचा मॉड, म्हणजे गेमला वरून लावायची घरगुती दुरुस्ती, करून घेतला. तोही मी लावलेला आहे. म्हणजे माझ्या टेबलावर चालायला कंट्रोलर आणि खरेदीला माउस, असा संसार. तिसऱ्या मजल्याला हे दोन्हीकडून पटत नाही.

चाळिशीनंतर हा प्रश्न तसाही आवडीनिवडीचा राहत नाही. कंट्रोलर अंगठ्याच्या मुळाशी दुखतो, माउस मनगटात. कुठला सांधा खर्ची घालायचा एवढंच ठरवायचं. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी विचारलं, "काम काय करता?" मी म्हटलं, "अकाउंट्स." त्या म्हणाल्या, "तरीच." मी मान डोलावली.

बाकी, गेमच्या सुरुवातीलाच एक काळा ड्रॅगन येऊन गाव जाळून जातो. आल्डुइन त्याचं नाव, जग गिळणारा म्हणून ख्याती. त्याला थांबवणं हेच माझ्या बाईचं मुख्य काम, सगळे तिच्याकडे डोळे लावून बसलेत. पण गेममध्ये त्याला मुदत घातलेली नाही. आपण गेल्याशिवाय तो जग गिळत नाही, थांबतो बिचारा. जाऊ दिवाळीनंतर. आधी त्या भाजीवालीकडून कोबी घ्यायचाय.