मिनिटं कुणाच्या नावावर?

मेगाब्लॉक म्हटलं की मुंबईकर रेल्वेच्या नावानं बोटं मोडतो. त्याचं काही चूक नाही, बायकापोरांना घेऊन लग्नाला निघालेल्या माणसाला गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या सांध्याचं काय कौतुक असणार! पण ब्लॉकमध्ये ‘रेल्वे’ नावाची एक वस्तू रुळावर कुठेच उभी नसते. रूळ, स्लीपर, खडी इंजिनियरिंगची. डोक्यावरची २५,००० व्होल्टची तार ट्रॅक्शनची. सांधा फिरवणारी मोटर, रुळावर गाडी आहे का हे ओळखणारं ट्रॅक सर्किट आणि सिग्नल आमचे. गाड्या ऑपरेटिंगच्या, म्हणजे वेळही त्यांचीच. चौघांचे साहेब वेगळे, रजिस्टरं वेगळी, आणि एकाचा हुकूम दुसऱ्यावर चालत नाही.

मी सिग्नल खात्यात सीनियर सेक्शन इंजिनियर आहे. त्या रविवारी धीम्या मार्गावरचा एक जुना सांधा पूर्ण बदलायचा होता. ब्लॉक ११.०५ ते ४.०५. पाच तास ऐकायला भरपूर वाटतात. पण शेवटची लोकल गेल्यावर स्टेशन मास्तर आणि कंट्रोलर यांच्यात प्रायव्हेट नंबरची, म्हणजे खात्रीच्या गुप्त आकड्यांची देवाणघेवाण होते, तेव्हा लाईन आपल्या ताब्यात येते. मग तारेचा वीजपुरवठा बंद. तेवढंही पुरत नाही, कारण शेजारच्या जलद मार्गाची तार जिवंत असते आणि तिच्यामुळे बंद तारेतही विजेचा दाब येतो. म्हणून ट्रॅक्शनची माणसं कामाच्या दोन्ही बाजूंना तार जमिनीला जोडणारे डिस्चार्ज रॉड लावतात आणि त्यानंतरच परमिट देतात. तोवर क्रेनचा हात वर जात नाही. मी मास्तरांना सांधा सिग्नलपासून तोडत असल्याचा डिस्कनेक्शन मेमो देते, ते सही करतात, मग माझी पोरं मोटरचे रॉड सोडवतात. शेवटी हेच सगळं उलट्या क्रमानं. हातात उरतात पावणेचार तास, फार तर चार.

प्रत्यक्ष कामाच्या क्रमात आमचा नंबर जवळजवळ शेवटचा असतो. जुना सांधा निघाला, नवा बसला, खडी पडली, युनिमॅट यंत्रानं स्लीपरखाली खडी ठासली की मग सिग्नलवाले मोटर जोडणार. त्यामुळे आधीच्या सगळ्यांनी खाल्लेली वेळ आमच्या वाटणीतून जाते. गुरुवारच्या बैठकीत हे मी दर वेळी बोलते आणि दर वेळी मंडळी चहा पीत मान डोलावतात.

पावणेतीनला मोटर जोडली. फिरवून बघितली तर घरघर होते, टंग, म्हणजे सांध्याचा हलता रूळ, सरकत येते आणि स्टॉक रेलला, म्हणजे शेजारच्या स्थिर रुळाला भिडायच्या आधी दोन-तीन मिलिमीटरवर थांबते. डिटेक्शन नाही, म्हणजे सांधा नीट बसल्याची खूण मिळत नाही. टंग आणि स्टॉक रेलच्या मध्ये पाच मिलिमीटरची पट्टी ठेवली की सांधा लॉक होता कामा नये, ही आमची नेहमीची चाचणी. इथं पट्टी न ठेवताच लॉक होईना.

पुढचा संवाद प्रत्येक सांध्यावर प्रत्येक पिढीत झालेला असणार. इंजिनियरिंगवाले म्हणाले, “मॅडम, तुमची मोटर ढकलत नाही.” मी म्हटलं, “मोटर नेहमीपेक्षा जास्त करंट खातेय, म्हणजे ढकलतेय. तुमची टंग अडकतेय.” तेवढ्यात कंट्रोलचा फोन. ब्लॉक वेळेत सुटणार का, हा पहिला प्रश्न. नाही सुटला तर मिनिटं कुणाच्या नावावर लावू, हा दुसरा. आणि या दुसऱ्या प्रश्नानं घात होतो. तो कानावर पडला की माणसं सांध्याकडे बघणं सोडून एकमेकांकडे बघायला लागतात. उशीर ज्या खात्यावर चढतो, त्याला सोमवारी लेखी खुलासा द्यावा लागतो.

ब्लॉकचे इन्चार्ज इंजिनियरिंगचे होते. निवृत्तीला आलेले, बोलायला तिखट, माझं आणि त्यांचं कधी फार जमलं नव्हतं. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाले, “जितकी होतील तितकी मिनिटं इंजिनियरिंगच्या नावावर लिहा. आता अर्धा तास फोन करू नका.”

फोन ठेवला आणि जे वीस मिनिटं कुणी बोललं नव्हतं ते बाहेर पडायला लागलं. त्यांचाच एक जुना कीमन, रुळांची रोज पाहणी करणारे मामा, खाली बसला आणि बोट दाखवून म्हणाला, “साहेब, ह्या दोन चेअरवरचं ग्रीस जसंच्या तसं आहे बघा.” टंग ज्या स्लाइड चेअरवरून सरकते, त्यातल्या टोकाजवळच्या दोन चेअरवर ग्रीसचा थर अबाधित होता, त्यावर खडीची धूळही बसलेली. पुढच्या चेअरवर मात्र ग्रीस पार पुसलेलं आणि लोखंड चकाकत होतं. म्हणजे खालची खडी पोकळ राहिल्यानं टोकाचे दोन स्लीपर लोंबकळत होते, टंग त्यांच्यावर टेकतच नव्हती आणि सगळा भार पुढच्या एका चेअरवर घासत होता. मामांना हे आधीच दिसलं असणार. पण मघाशी बोलले असते तर आपल्याच खात्याला गोत्यात आणलं असतं.

उपाय सरळ होता, युनिमॅट परत आणून ते दोन स्लीपर उचलून ठासायचे. पण युनिमॅट पलीकडे जाऊन उभं, आणि मध्ये ट्रॅक्शनची टॉवर वॅगन, तारेवर काम करायची शिडीवाली गाडी. आमच्याच ब्लॉकच्या सावलीत ते आपलं काम उरकत होते, याला आम्ही शॅडो ब्लॉक म्हणतो. त्यांना सेक्शन इन्सुलेटर, म्हणजे तारेचे दोन विभाग विजेच्या दृष्टीनं वेगळे ठेवणारा तुकडा, बदलायचा होता. तो एकदा उघडला की पुरा बसवल्याशिवाय वॅगन हलत नाही. इन्चार्जनी वर बघून हाक मारली. ट्रॅक्शनचा तरुण इंजिनियर शिडी उतरून आला आणि हळूच म्हणाला, “अजून उघडलेला नाही. तुमची गडबड बघून थांबलो होतो.” हे त्यानं कंट्रोलला सांगितलं नव्हतं. काम सुरूच केलं नाही असं कळलं, तर पुढच्या वेळी शॅडो ब्लॉक मागताना हेच तोंडावर फेकतात.

सांध्याला क्लॅम्प लावला, कुलूप घातलं. पायी चालण्याच्या वेगानं वॅगन बाहेर काढली, युनिमॅट आत घेतलं. दोन स्लीपर ठासायला फार वेळ गेला नाही, जा-येच जास्त. साडेतीनच्या सुमारास मोटर परत फिरवली. टंग खाडकन बसली. पाच मिलिमीटरची पट्टी ठेवून बघितली, लॉक नाही. पट्टी काढली, लॉक. उलट्या दिशेनंही तसंच. मी आणि इन्चार्ज दोघांनी रजिस्टरवर सह्या केल्या, मी मास्तरांना रिकनेक्शन मेमो दिला, ट्रॅक्शनच्या माणसांनी मोजून रॉड उतरवले. ब्लॉक ४.२२ ला सुटला. ताशी ३० किलोमीटरचा कॉशन, म्हणजे वेगमर्यादा, घेऊन पहिली लोकल गेली, दारात लटकलेल्या एकानं आम्हाला मनसोक्त शिव्या घातल्या.

सतरा मिनिटं इंजिनियरिंगच्या नावावर लागली. सोमवारी खुलासा मागवला गेला. इन्चार्ज तो एकटेच लिहीत बसले होते, मी आणि ट्रॅक्शनचा पोरगा गेलो आणि जॉइंट नोट करू म्हणालो. त्यांनी आधी नाही म्हटलं, मग माझा मसुदा वाचून त्यातली दोन विशेषणं खोडली. नोटवर तिघांच्या सह्या झाल्या. गुरुवारच्या बैठकीत सेक्शन इन्सुलेटरसाठी शॅडो नको, स्वतंत्र दोन तास द्या अशी मागणी आली. ती ट्रॅक्शननं नव्हे, इंजिनियरिंगनं मांडली होती. ऑपरेटिंगवाले दीड तासावर अडून बसले.