खालून वर वाचायचा दगड

आमच्या आजोळी मारुतीच्या देवळामागे पिंपळाच्या पाराला टेकून तीन दगड उभे होते. अजूनही आहेत, फक्त त्यातला एक पालथा पडलाय आणि दुपारचं त्याच्यावर कुत्रं झोपतं. लपाछपीत आम्ही मुलं त्यांच्यामागे दडायचो. चुकून पाय लागला की आजी ओरडायची, "वीर हाय तो, पाया पड!" आम्ही पाया पडायचो आणि पुन्हा पळायचो. कोण वीर, कधीचा, कुणाशी लढला, हे आजीला ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून तिचं काही अडतही नव्हतं. अमावास्येला ती त्याला तेल घालायची, शेंदूर लावायची. मारुतीला लावून उरलेला असायचा तोच.

त्याला वीरगळ म्हणतात हे फार उशिरा कळलं. कन्नडात कल्लु म्हणजे दगड. वीराचा कल्लु तो वीरगळ. आणि तो खालून वर वाचायचा असतो, हे तर त्याहून उशिरा. तोवर मी तो वरूनच बघत होतो. वरून बघितला तर तो सरळसरळ देवाचा दगड वाटतो: शेंड्याला कलश, दोन बाजूंना चंद्र आणि सूर्य, त्याखाली शिवलिंग आणि हात जोडून बसलेला एक माणूस. बाकीचं शेंदराखाली आणि मातीत.

गेल्या हिवाळ्यात मामाकडे गेलो तेव्हा खुरपं घेऊन बसलो आणि मधल्या दगडाच्या बुडाची माती काढली. वीतभर उकरल्यावर एक शिंग लागलं. मग दुसरं. मग तीन गाई, एकीमागे एक, आणि त्यांच्या पायाशी आडवा पडलेला माणूस. म्हणजे गावची जनावरं कुणी हाकून नेत होतं आणि हा ती सोडवायला गेला होता. दोन गाई समोर बघतात, नाकासमोर चालतात. तिसरीनं मात्र मान पूर्ण वळवून मागे बघितलंय. ती मान मी बराच वेळ बघत बसलो. कान मागे पडलेले, गळ्याची पोळी ताणलेली. ज्यानं हे कोरलं त्यानं हाकलून नेली जाणारी गाय डोळ्यांनी बघितलेली असणार.

वरच्या कप्प्यात लढाई. ढाल-तलवार घेतलेला हा एकटा आणि समोर दोघं. त्याच्यावर अप्सरा: दोघींनी दोन दंडांना धरून त्याला वर चालवलाय आणि त्याचे पाय झोपलेल्या पोराला उचलून न्यावं तसे लोंबतायत. आणि सगळ्यात वर तो मघाचा देवाचा कप्पा. तिथं तो मांडी घालून बसलाय. तलवार कुठंच नाही. समोर पिंडी, पलीकडे पूजा करणारा एक जण.

खरं सांगायचं तर हा वरचा कप्पा सगळ्यात ठोकळेबाज. बघावा त्या गावी तीच पिंडी, तीच मांडी, तेच जोडलेले हात. पाथरवट वरचा भाग आधीच कोरून ठेवत असेल आणि गिऱ्हाईक आलं की खालच्या लढाईचं तेवढं विचारून घेत असेल, अशी मला शंका आहे. पुरावा काही नाही. पण देव मापानं कोरलेला आणि गाय बघून कोरलेली, हे त्या दगडावर ढळढळीत दिसतं.

मुंबईत बोरिवलीजवळ एकसरला जे वीरगळ आहेत, त्यांच्यावर तर खाली चक्क समुद्र आहे. वल्ह्यांच्या रांगा असलेली जहाजं, त्यांत दाटीनं उभे सैनिक. यादवांचा महादेव आणि कोकणचा शिलाहार सोमेश्वर यांच्यातल्या १२६५ च्या सुमाराच्या लढाईशी ते सहसा जोडले जातात. त्या लढाईत सोमेश्वर समुद्रात बुडाला. महादेवाच्या रागापेक्षा त्याला वडवानल, म्हणजे समुद्राच्या पोटातली आग, बरा वाटला, असा टोमणा यादवांचा मंत्री हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, मारून गेलाय. खाली एवढं रामायण, पण शेंड्याला पुन्हा तोच कलश.

वीरगळावर आपल्याकडे नाव बहुधा नसतं. कर्नाटकात असतं. तिथल्या आतकूरला तर दहाव्या शतकात एका कुत्र्याचा वीरगळ उभा राहिला. काळी नावाच्या या शिकारी कुत्र्यानं रानडुकराशी झुंज घेतली आणि दोघंही मेले. दगडावर काळीचं नाव आहे, दगडाच्या पूजेसाठी जमीन लावून दिलीय, आणि पूजा न करता जेवणाऱ्या पुजाऱ्याला कुत्र्याचं पाप लागेल असा दमही आहे. आमच्या गाई सोडवणाऱ्याला यातलं काहीच मिळालं नाही.

नाव नसलेलं दुसरं स्मारक मी सातारच्या बाजूला एका चावडीच्या भिंतीत बघितलं. संगमरवरी पाटी, इंग्रजीत: या गावातून इतके जण १९१४–१९१९ च्या महायुद्धाला गेले, त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले. मजकूर सगळीकडे एकच, फक्त गावागणिक आकडे बदलत गेले. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याचे त्या युद्धात ४६ जण कामी आले. ते गाव आजही अपशिंगे मिलिटरी म्हणूनच ओळखलं जातं. पण मी बघितलेल्या पाटीला सायकल टेकवलेली होती. सायकलवाल्याचा काही दोष नाही. पाटीवर हात जोडावा असं काही नव्हतंच.

तेव्हा मला त्या ठोकळेबाज पिंडीचं काम कळलं. जमीन दरवर्षी थोडी चढते. आधी गाई जातात, मग लढाई. देव वर असल्यामुळे तेवढा शाबूत राहतो, आणि तो आहे म्हणून कुणी त्या दगडाची पायरी करत नाही. क्वचित करतातही, धुणंही धुतात. पण आजी होती तोवर आमच्याकडे कुणाची छाती झाली नाही.

आता तेल मामी घालते. मी माती काढत होतो तेव्हा ती शेंदराची वाटी घेऊन आली आणि वाकून बघत राहिली.

"आगं बया, गाय हाय की हितं."

तिनं देवाला शेंदूर लावला, वीराला लावला, मग खाली बसून तिन्ही गाईंच्या कपाळाला एकेक बोट लावलं. लढाईपाशी तिचा हात थांबला.

"आन् हे दोघं कोण?"

"त्याला मारणारे."

मामीनं जरा विचार केला. वाटीत शेंदूर अजून होता. तिनं त्या दोघांनाही एकेक बोट लावलं आणि पदराला हात पुसत पालथ्या दगडावरच्या कुत्र्याला हाड म्हणाली.