दोनच संघांची लीग आणि कोल्ह्यांचं गाव

ऑफिसात जेवताना एकदा खेळांवरून गप्पा रंगल्या होत्या. मी आयपीएलचं काहीतरी सांगत होते. पूर्व जर्मनीत वाढलेला एक सहकारी बराच वेळ गप्प बसून ऐकत होता, मग म्हणाला, "आमच्याकडे आइस हॉकीची राष्ट्रीय लीग होती. दोन संघांची." मला वाटलं, थट्टा करतोय. रात्री घरी येऊन शोधलं तर माणूस अक्षरशः खरं बोलत होता. 1970-71 च्या मोसमापासून 1990 पर्यंत पूर्व जर्मनीचा विजेता ठरवायला दोनच संघ एकमेकांशी पुन्हा पुन्हा खेळत. एक राजधानीचा, डायनामो बर्लिन. दुसरा वाइसवासर नावाच्या गावचा. हे कुठलं गाव, म्हणून नकाशा उघडला. पोलंडच्या सीमेजवळचं, चहूकडे पाइनची जंगलं आणि कोळशाच्या उघड्या खाणी. जानेवारीतल्या एका रविवारी निघालेच.

बर्लिनहून कॉटबुस आणि तिथून ग्योर्लिट्झकडे जाणारी छोटी गाडी, असा दोन-सव्वादोन तासांचा प्रवास. कॉटबुसनंतर डब्यात मोजून नऊ माणसं उरली. त्यातल्या चौघांच्या गळ्यात निळे-पिवळे मफलर होते, त्यामुळे रस्ता विचारायची चिंता मिटली. स्टेशनवर पाटी दोन भाषांत आहे: जर्मनमध्ये वाइसवासर, सोर्बियनमध्ये ब्येवा वोदा. सोर्ब हे या भागातले मूळचे स्लाव लोक. दोन्ही नावांचा अर्थ एकच, पांढरं पाणी. त्या दिवशी पांढरं होतं ते सगळं आभाळ, आणि त्यातून बोचरा वारा सुटला होता.

सामना पाच वाजता होता. हाताशी वेळ होता म्हणून आधी काचेच्या संग्रहालयात शिरले, आणि बरं झालं शिरले. नाहीतर हॉकीची गोष्ट अर्धीच कळली असती. 1867 मध्ये बर्लिन-ग्योर्लिट्झ रेल्वे इथून गेली. वाळू होती, लाकूड होतं, जमिनीखाली तपकिरी कोळसा होता. रेल्वे आल्यावर काचेच्या भट्ट्या पेटायला कितीसा वेळ लागणार? काही दशकांत हे खेडं जगातल्या मोठ्या काचकेंद्रांपैकी एक झालं. 1935 पासून विल्हेल्म वागेनफेल्ड हा बाउहाउस या प्रसिद्ध जर्मन कलाशाळेतून आलेला डिझायनर इथल्या कारखान्यात होता. एकावर एक रचून फ्रीजमध्ये ठेवायचे त्याचे चौकोनी काचेचे डबे मी कपाटाच्या काचेला नाक लावून बघत राहिले. 1938 सालचे डबे, आणि माझ्या स्वयंपाकघरातले प्लास्टिकचे डबे त्यांच्यापुढे अगदीच केविलवाणे.

या काचकामगारांच्या गावात 1932 मध्ये हॉकी सुरू झाली. हिवाळ्यात तळी गोठायची, आणि गोठलेल्या तळ्यावर पोरं आणखी काय करणार! युद्धानंतर पूर्व जर्मनी वेगळा देश झाला आणि 1951 मध्ये या गावाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. तेव्हा संघाच्या नावात 'ऑस्टग्लास' होतं, म्हणजे पूर्वेची काच. पुढे संघ डायनामो या क्रीडासंघटनेत गेला. डायनामो ही पोलीस आणि सुरक्षा खात्यांची संघटना. काच फुंकणाऱ्यांच्या गावचा संघ असा पोलिसांच्या नावावर गेला, पण जिंकणं काही थांबलं नाही. 1951 ते 1965, ओळीने 15 विजेतेपदं. पंधरा वर्षं एकच गाव!

मग 1969 आलं. पूर्व जर्मनीच्या क्रीडाधुरिणांनी हिशेब मांडला की ऑलिम्पिकमध्ये पदकं मोजली जातात, माणसं नाहीत. हॉकीचा अख्खा संघ पोसायचा, त्याला बर्फ, साहित्य, प्रवास पुरवायचा आणि मिळालंच तर पदक एक. तेवढ्याच पैशांत पोहणारे किंवा धावणारे तयार केले तर पदकांची रास लागते. बास्केटबॉल, वॉटर पोलो अशा खेळांवर तेव्हा पाणी सोडलं गेलं. आइस हॉकीचेही बाकीचे संघ वरच्या पातळीवरून गेले आणि उरले फक्त हे दोन. ते तरी का उरले? डायनामो संघटनेचा प्रमुख होता एरिख मील्के, म्हणजे गुप्त पोलीस खात्याचा, श्टाझीचा मंत्री. त्याला हॉकीचं वेड होतं. ज्याच्या नावाने देश चळाचळा कापायचा त्याच्या हौसेपायी एका गावचा खेळ वाचला, हे मला अजून नीट पचलेलं नाही.

स्टेडियम नवं आहे, 2013 मध्ये उघडलेलं. आसपास तीन हजार माणसं मावतील एवढं. जुन्या स्टेडियमला लोक 'कोल्ह्याची गुहा' म्हणायचे, कारण आताच्या क्लबचं नाव लाउझित्झर फ्युक्से, म्हणजे लाउझित्झ या इथल्या प्रदेशाचे कोल्हे. मी मुद्दाम उभ्याने बघायच्या बाजूचं तिकीट काढलं. बसून बघणाऱ्यांना थंडी जास्त वाजते, असा माझा अंदाज होता. तो चुकला. थंडी सगळ्यांना सारखीच वाजते, उभ्यांना फक्त पायही दुखतात.

माझ्या शेजारी सत्तरीपुढच्या एक बाई उभ्या होत्या. मनातल्या मनात मी त्यांना लगेच आजी म्हणायला लागले. कठड्यावर कोपर टेकायची त्यांची जागा ठरलेली असावी, कारण तिथे उभा राहिलेला एक तरुण त्यांना पाहून काही न बोलता सरकला. मी कुठली, इथे कशी, याची चौकशी झाली. दोन संघांच्या लीगबद्दल वाचून आले म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. हे ऐकायची त्यांना सवय होती.

"हसतात लोक," त्या म्हणाल्या. "म्हणतात, पंचवीस विजेतेपदं काय, दोघांतच तर खेळत होतात. तू मोज ना. पंचवीसपैकी सतरा आम्ही जिंकली तेव्हा लीग भरलेली होती."

मी खरंच मोबाइलवर मोजलं. 1951 ते 1965 ची पंधरा, वर 1969 आणि 1970. सतरा. दोघांच्या लीगमधल्या वीस मोसमांत वाइसवासरची आठ आणि बर्लिनची बारा. म्हणजे लीग आटली त्याचा फायदा गावाला झालाच नाही, उलट राजधानीच वरचढ ठरली. दोघांच्या वर्गातही दुसरा नंबर येण्याचं दुःख असतंच. पण शेवटची दोन, 1989 आणि 1990 ची, गावाने नेली. त्यानंतर देशच संपला.

बर्फावर संघ उतरला. निवेदक खेळाडूचं पहिलं नाव पुकारतो आणि आडनाव सगळं स्टेडियम ओरडतं. मला एकही आडनाव येत नव्हतं, तरी दुसऱ्या फेरीपासून मीही तोंड उघडून काहीतरी ओरडत होते. समोर बव्हेरियाकडचा संघ होता. आइस हॉकी टीव्हीवर पाहिली तेव्हा मला पक, म्हणजे खेळायची ती रबरी चकती, कधी दिसलाच नव्हता; इथे तो दिसण्याआधी ऐकू येतो. कडेच्या फळ्यांवर आपटल्याचा ठण्ण आवाज, मग माणसं आपटल्याचा धप्प. वीस मिनिटांची पहिली पाळी संपली आणि बर्फ गुळगुळीत करणारं यंत्र संथपणे फिरायला लागलं, तेव्हा कळलं की माझ्या हातातलं सॉसेज मी खायलाच विसरले होते.

मधल्या वेळात आजींनी पुढची गोष्ट थोडक्यात उरकली. बहुतेक ती सांगायला त्यांना आवडत नसावी. एकीकरणानंतर दोन्ही जुने प्रतिस्पर्धी पश्चिमेच्या बुंडेसलीगात घेतले गेले. 1994 मध्ये डीईएल ही नवी अव्वल लीग निघाली, तिच्यात हा संघ फ्युक्से जाक्सेन या नावाने होता. दोन मोसम टिकला. त्यानंतर वर जाणं काही झालं नाही. 2013 पासून तो डीईएल-2 मध्ये, म्हणजे दुसऱ्या श्रेणीत खेळतो. गावाचं गणितही सोबतच बिघडलं. वीजकेंद्र आणि खाणींमुळे 1980 च्या दशकाच्या अखेरीला वस्ती 37 हजारांच्या घरात गेली होती, आज ती 15 हजारांच्या आसपास आहे. कामगारांसाठी बांधलेल्या इमारती नंतर माणसांअभावी पाडाव्या लागल्या. पंधरा हजारांच्या गावात रविवारी संध्याकाळी दोनेक हजार लोक हॉकीला येतात. हे प्रमाण मुंबईला लावून पाहिलं आणि घाबरून सोडून दिलं.

शेजारच्या ड्रेस्डेनचा संघ 2025 मध्ये वरच्या लीगमध्ये गेला. त्याबद्दल आजींना विचारलं, तर त्यांना एकदम मफलर नीट करायचा होता.

दुसऱ्या पाळीत कोल्ह्यांचा गोल झाला. निवेदक म्हणाला "धन्यवाद!" आणि दोन हजार लोक एका सुरात ओरडले "असू द्या!" जर्मन शिस्तीत गोलचेही आभार मानायची रीत आहे. गोल करणारा मुलगा विशीतला असेल. त्याचं आडनाव ओरडून झाल्यावर आजी माझ्या कानाशी वाकल्या. "बर्लिनचा आहे."

म्हणजे असं, की डायनामो बर्लिनचा वारसदार आइसबेरेन बर्लिन आज जर्मनीतला सगळ्यात यशस्वी क्लब आहे आणि त्याचे तरुण खेळाडू अनुभवासाठी इथे खेळायला येतात. उलट दिशेची वाट जुनीच. 2018 च्या ऑलिम्पिकमध्ये रौप्यपदक मिळवलेल्या जर्मन संघातला फ्रांक ह्योर्डलर याच मातीतला. तोही बर्लिनला जाऊन मोठा झाला. वीस वर्षं भावकीसारखं भांडलेले दोघे आता एकमेकांची पोरं सांभाळतात.

"मग राग गेला?" मी विचारलं.

"पोराचा कसला राग," त्या म्हणाल्या. जर्सीचा त्यांनी उल्लेख केला नाही.

सामना ओव्हरटाइममध्ये 2-3 असा गेला. हरूनही जादा वेळेपर्यंत पोचल्याचा एक गुण मिळतो, तेवढ्यावर लोकांनी समाधान मानलं. खेळाडू आमच्या बाजूला येऊन रांगेत उभे राहिले, टाळ्या झाल्या. माझी गाडी सुटायला पंचवीस मिनिटं होती, पण आजी हळू चालत होत्या आणि मला त्यांना मागे टाकून जावंसं वाटेना.

दारापाशी त्यांनी विचारलं, "तुमच्या त्या क्रिकेटच्या लीगमध्ये किती संघ?"

"दहा."

त्या थबकल्या. "दहा? मग इतक्या सगळ्यांचा राग करायला वेळ कुठून काढता?"