रिकाम्या गाडीचं वजन

साखर कारखान्याच्या काट्यावर मी 31 वर्षं नोकरी केली. हंगामात तीन पाळ्या, उसाच्या ट्रॉल्यांची रांग पार हमरस्त्यापर्यंत, रात्री शेकोटीभोवती बसलेले गाडीवान. भरलेली गाडी काट्यावर घ्यायची, गव्हाणीपाशी ऊस टाकून खाली झाली की रिकामी पुन्हा काट्यावर घ्यायची, मगच पावती फाडायची. गर्दी कितीही असो, रिकामं वजन मागच्या खेपेचं लिहून टाकलं असं कधी केलं नाही. शेतकऱ्याच्या वर्षभराच्या राबण्याचे पैसे त्या वजाबाकीवर ठरतात.

हे सांगायचं कारण आमच्या नगरपरिषदेचा कचऱ्याचा ठेका.

आमची नगरपरिषद 'क' वर्गातली, म्हणजे लहान. चार वर्षं कारभार प्रशासकाकडे होता. 2 डिसेंबर 2025 ला मतदान झालं, 21 ला निकाल लागले आणि सभागृहात परत माणसं दिसायला लागली. फेब्रुवारीच्या सर्वसाधारण सभेला मी जाऊन बसलो. ही सभा कुणालाही बसून ऐकता येते, पण मागच्या खुर्च्यांवर मी आणि एक वार्ताहर, एवढे दोघंच. विषयपत्रिकेवर 23 विषय. पहिला नेहमीचा, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. नववा, घनकचरा संकलन व वाहतुकीच्या कामास मुदतवाढ देणे आणि नवीन निविदेच्या अटी-शर्ती ठरवणे. चौदावा, आमच्या पेठेतलं आरसीसी गटार.

गटारावर पाऊण तास चर्चा झाली. कुठल्या गल्लीपासून सुरुवात करायची, उतार कुणीकडे काढायचा, जुनी पाइपलाइन आधी हलवायची की नंतर. ती चर्चा व्हायलाच हवी होती. गेल्या पावसाळ्यात आमच्या उंबऱ्याला पाणी लागलं होतं, आणि मागच्या खेपेला बांधलेल्या गटाराला उतारच नव्हता, म्हणून पाणी तिथंच साचून राहायचं. एका नगरसेवकांनी काँक्रीटवर गोणपाट टाकून पाणी मारलं जातं की नाही हे कोण बघणार, असं विचारलं. फार बरं वाटलं. पण त्याच सभेत कचऱ्याचा विषय आला आणि चार मिनिटांत संपला. वाचन झालं, सूचक, अनुमोदक, मंजूर. तीन महिन्यांची मुदतवाढ मिळाली, अटी-शर्ती पुढच्या सभेवर गेल्या. गटार एकदा बांधलं की पैसे एकदाच जातात. कचऱ्याचं बिल दर महिन्याला निघतं, वर्षानुवर्षं. त्याला चार मिनिटं?

घरी आल्यावर माहितीच्या अधिकारात अर्ज केला. दहा रुपयांचं तिकीट लावलं आणि जानेवारीतल्या एका आठवड्याच्या वजनपावत्या मागितल्या. 27 व्या दिवशी पत्र आलं. पानाला दोन रुपये दराने 84 पानांचे 168 रुपये भरले आणि गठ्ठा घेऊन आलो.

जेवणाच्या टेबलावर पावत्या पसरल्या. भरलेल्या गाडीचं वजन दर खेपेला वेगळं, ते बरोबरच आहे. पण रिकामं वजन? नऊ घंटागाड्या, सात दिवस, आणि प्रत्येक पावतीवर 1,080 किलो. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. एकच गाडी सकाळी आणि संध्याकाळी काट्यावर घेतली तरी आकडा हलतो. टाकीतलं डिझेल कमी झालेलं असतं, चाकांना चिखल लागलेला असतो, कधी सोबतचा माणूस खाली उतरलेला असतो. नऊ वेगवेगळ्या गाड्या आठवडाभर एकाच आकड्यावर थांबतात, असं माझ्या 31 वर्षांत एकदाही घडलेलं नाही. रिकाम्या गाड्या काट्यावर गेलेल्याच नाहीत. तो आकडा कधीतरी एकदा लिहिला आणि तोच चालत आला.

त्याहून मोठी गोष्ट माझ्या मनात घोळतेय ती दराची. ठेका टनावर आहे. टनावर पैसे मिळणार असतील तर ठेकेदाराला कचरा जड हवा. मग ओला-सुका वेगळा कशाला ठेवायचा? पावसात गाडीवर ताडपत्री कशाला टाकायची? गटारातला गाळ आणि बांधकामाचा राडारोडा त्याच गाडीत पडला तर कोण अडवणार? 2016 च्या घनकचरा नियमांनी घरातच कचरा वेगळा करायला सांगितलं. माझी सून रोज दोन बादल्या भरते आणि तिच्या डोळ्यांदेखत दोन्ही एकाच हौद्यात रिकाम्या होतात. तिला मी काय सांगू?

पुण्यात 2008 पासून कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करते. तिथं घरामागे शुल्क मिळतं आणि सुक्या मालाची विक्री त्या कष्टकऱ्यांचीच. मग कागद, काच, पत्रा वेगळा ठेवण्यात त्यांचाच फायदा असतो. वेंगुर्ल्याची नगरपरिषद तर आमच्याहूनही लहान. रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना तिथं कचरा वेगवेगळा घेणं सुरू झालं, ओल्यापासून बायोगॅस झाला, प्लास्टिकचा चुरा डांबरी रस्त्यात गेला आणि डेपो बघायला लोक बाहेरगावाहून येऊ लागले. त्यांच्याकडेही माणसंच राहतात, आणि कचराही आपल्यासारखाच निघतो.

आमच्या प्रभागाच्या नगरसेविका नव्या आहेत, वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांच्या घरी पावत्या घेऊन गेलो. त्यांनी चहा ठेवला आणि म्हणाल्या, "काका, मला हे काट्याचं काही कळत नाही, तुम्ही लिहून द्या." पुढच्या सभेसाठी त्यांना एक पान लिहून दिलं. दर घरामागे ठरवा, वेगळा न घेतलेल्या कचऱ्याचे पैसे कापा. जिथं टनाचा हिशोब ठेवावाच लागेल, तिथं प्रत्येक खेपेला रिकामी गाडी काट्यावर घ्या, पावतीवर वेळ आणि गाडीचा नंबर छापून येऊ द्या, काट्यावर वैधमापनचा, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचा, चालू वर्षाचा शिक्का आहे का बघा.

त्या म्हणाल्या, "फरक किती पडतो ते आकड्यात सांगता येईल का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी डेपोवर गेलो. एक घंटागाडी खाली होत होती. ड्रायव्हर आमच्याच पेठेतला, त्याच्या वडिलांची बैलगाडी मी कारखान्यावर कितीदा तोललीय. त्याला म्हटलं, जाता जाता काट्यावरून चल, पैसे मी देतो. काटा गावाबाहेरचा, खासगी. गाडी उभी राहिली, आकडा दोनदा हलला आणि थांबला.

1,140.

पावतीवरच्यापेक्षा साठ किलो जास्त, म्हणजे दर खेपेला साठ किलो लोखंड कचरा म्हणून तोललं जातंय. ही एका गाडीची एक खेप झाली. बाकीच्या आठ अजून तोलायच्या आहेत, म्हणून रोज सकाळी साडेसहाला मी डेपोच्या फाटकाशी उभा असतो. सभा 18 तारखेला आहे, दुपारी दोन वाजता. पेठेतल्या कुणाला यायचं असेल तर मागच्या खुर्च्या रिकाम्या आहेत.